सात रॉड घरात असताना आठवा घ्यावा का?

वाचकांचे पत्र : मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथकाम करतो. वय 42. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पंचगंगेवर, भोगावतीच्या बंधाऱ्यांवर आणि अधूनमधून धामोडला तुळशी जलाशयावर जातो. थंडीत एकदा मालवणला फेरी होते. घरी सात रॉड आहेत : वडिलांची कळकाची काठी, सुरुवातीला घेतलेले दोन टेलिस्कोपिक, 6 फुटी हलका (1 ते 7 ग्रॅम वजन फेकणारा), 8 फुटी मध्यम (10 ते 30 ग्रॅम), मालवणसाठी घेतलेला 9 फुटी (20 ते 60 ग्रॅम) आणि 10 फुटी जड (40 ते 80 ग्रॅम). आता मरळीसाठी 7 फुटी बेटकास्टिंग रॉड रिळासह 12 हजारांना मिळतो आहे. आमच्या धंद्यात कामागणिक हत्यार लागते, तसेच हे आहे, असे माझे म्हणणे. सौ. म्हणते, हात दोन, काठ्या सात, मग आठवी कशाला? 11 वर्षांची मुलगीही आता सोबत येण्याचा हट्ट धरते. एका माणसाला खरोखर किती रॉड लागतात?

सप्रेम नमस्कार.

आकडा आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. आपण ज्या पाण्यांवर जाता त्यांसाठी आपल्याला दोन रॉड पुरेसे आहेत आणि मुलीसाठी एक, असे एकूण तीन. हे तीनही आपल्या घरात आजच आहेत. मरळीच्या रॉडची इच्छा अगदीच अवाजवी नाही, पण तो या हंगामात घेऊ नये. वहिनींचा हिशेब आपल्या हिशेबापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे, हे आपल्याला फारसे रुचणार नाही; तरी पुढचा मजकूर वाचून मग ठरवावे.

कामागणिक हत्यार लागते हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु नवे काम आले म्हणून आपण वर्कशॉपमध्ये नवे लेथ बसवत नाही. लेथ तेच राहते आणि टूलपोस्टमधले टूल बदलते. गळाच्या सरंजामात रॉड आणि रीळ लेथच्या जागी आहेत, तर दोरा, लीडर (गळाआधीचा दोऱ्याचा तुकडा), गळ, शिसे, फ्लोट या बदलायच्या वस्तू आहेत. त्या स्वस्त असतात, खिशात मावतात आणि काठावर बसून पाच मिनिटांत बदलता येतात. रिळाचे एक जादा स्पूल (दोरा गुंडाळायची फिरकी) घेऊन त्यावर वेगळ्या जातीचा दोरा भरून ठेवला, तर तोच रॉड दुसऱ्या कामाला उभा राहतो. बहुतेकांच्या घरातला चौथा-पाचवा रॉड हा जादा स्पूल न घेतल्यामुळे आलेला असतो, असे माझे मत आहे.

लेथलाही मर्यादा असते, तशी रॉडलाही असते, आणि ती मुठीच्या वर छापलेली असते. तेथे किती ग्रॅम वजन फेकावे आणि किती पौंडांचा दोरा वापरावा हे लिहिलेले असते. वजन त्या पट्ट्याच्या खाली गेले की रॉड पुरेसा लवत नाही आणि आमिष जवळच पडते. वर गेले की फेकताना टोक मोडण्याची भीती असते. नवा रॉड खरोखर लागतो की नाही याची कसोटी इथेच मिळते. जे वजन फेकायचे आहे ते आपल्या हाताशी असलेल्या एकाही रॉडच्या पट्ट्यात बसत नसेल, तर रॉड लागतो. बसत असेल, तर सहसा काहीतरी दुसरेच लागत असते. आपले चार रीळवाले रॉड ओळीने मांडले, तर 1 ते 7, 10 ते 30, 20 ते 60 आणि 40 ते 80 असे पट्टे दिसतात. यात फट जवळजवळ नाहीच. उलट शेवटचे दोन एकमेकांवर बरेच चढलेले आहेत.

माशागणिक रॉड ही समजूत मात्र आपल्याकडे फार रुजली आहे, आणि दुकानदार ती मोडण्याचा प्रयत्न करत नाहीत. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला असते आणि तो तळाशी चरतो. सायप्रिनस तर तळाचा चिखलच उकरत फिरतो. या चौघांसाठी बदलावी लागते ती फ्लोटच्या खाली सोडलेल्या दोऱ्याची लांबी, शिसे आणि कणकेच्या गोळ्यातला मसाला. रॉड चौघांनाही तोच चालतो, आणि तो आपला 8 फुटी मध्यम रॉड आहे. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात किंवा तुळशीच्या काठावर हा एकटा रॉड आपली बहुतेक सर्व कामे करील.

दुसरा रॉड लागतो तो वाहत्या पाण्यामुळे. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसवले जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढले जातात. बरगे बसलेले असताना मागच्या बाजूला पाणी तुंबते आणि संथ होते. तेथे 10-20 ग्रॅमचे शिसे तळाशी स्वस्थ पडून राहते. त्याच बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, किंवा बरगे निघाल्यावर, प्रवाह असतो आणि हलके शिसे घरंगळत काठाला येऊन लागते. वाम आणि शिंगटा गांडुळावर धरायचे तर आमिष तळाशी एका जागी राहिले पाहिजे, आणि त्यासाठी 40-50 ग्रॅमचे शिसे लागते. गोल शिशापेक्षा चपटे घेतले, तर त्याहून कमी वजनातही भागते. हे वजन आपल्या 8 फुटी रॉडच्या बाहेरचे आहे, पण मालवणच्या 9 फुटी रॉडच्या पट्ट्यात आरामात बसते. आपण तो वर्षातून एकदाच बाहेर काढता. समुद्राचा म्हणून बाजूला ठेवलेला रॉड नदीला चालत नाही असा कोणताही नियम नाही. खाडीच्या तोंडावर जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी तो वापरून आलात, की त्याच संध्याकाळी रॉड, त्यावरच्या दोरा ओवायच्या कड्या आणि रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावे, पुसून सावलीत वाळवावे आणि रिळाचा ड्रॅग (किती ताणावर दोरा सुटावा हे ठरवणारी कळ) सैल करून ठेवावा. मिठाने वस्तू खराब होते ती न धुतल्यामुळे. नदीवर नेल्याने तिचे काही बिघडत नाही.

असे असेल तर 10 फुटी रॉडचे काय, हा प्रश्न उरतो. 60 ग्रॅमच्या वरचे शिसे लागावे इतका जोर ज्या पाण्याला आहे, त्या पाण्याच्या काठावर आपण उभेच राहू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरली जाते, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु गळकऱ्याने त्या आकड्यांची वाट पाहायची नसते. पाणी गढूळ होऊन चढू लागले, की घाटाच्या पायऱ्या आणि मळीचा काठ दोन्ही निसरडे होतात, आणि त्याच दिवसांत कटला, रोहू, मृगळ हे मासे प्रजननासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढत असतात. जून ते ऑगस्ट गळ घरी राहिला तर त्यांचे भले होते आणि आपलेही. तेव्हा या जड रॉडला उरलेल्या महिन्यांत काम असे उरत नाही. त्यातून उसाच्या फडामधल्या अरुंद बांधावरून 10 फुटांची वस्तू उभी धरून नेणे हा वेगळाच ताप असतो. हे जाता जाता लिहितो, पण ते आपण गांभीर्याने घ्यावे : कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि नदीकाठच्या शेतीपंपांच्या तारा अनेक ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात. चालताना रॉड नेहमी मोडून किंवा आडवा धरून न्यावा, आणि वळवाचे ढग गडगडू लागले की तो खाली ठेवून काठावरून दूर व्हावे.

आता मरळीकडे वळू, कारण आपले मन तिथेच अडकले आहे. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती उथळ, गवताळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालते. गळ लागताच ती थेट वनस्पतींच्या मुळांत घुसते. तिला तिथे शिरू न देता एका दमात ओढून काढायचे, यासाठी आखूड आणि कडक रॉड, न ताणणारा ब्रेडेड (विणलेला) दोरा आणि जोरदार रीळ, अशी जुळणी लोक करतात. म्हणून आपण पाहिलेला रॉड चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु पोकळ रबरी बेडूक साधारण 10 ते 15 ग्रॅमचा असतो, म्हणजे तो आपला 8 फुटी रॉड आरामात फेकू शकतो. त्याच्या रिळाला एक जादा स्पूल घ्यावे, त्यावर सुमारे 30 पौंडांचा ब्रेडेड दोरा भरावा, ड्रॅग नेहमीपेक्षा घट्ट ठेवावा आणि बेडूक वनस्पतींच्या मधोमध न टाकता त्यांच्या कडेने ओढावा. पाणी उसळले की लगेच झटका देऊ नये. दोरा ताणला गेल्याचे हाताला कळू द्यावे आणि मग रॉड उचलावा. हा सगळा खर्च 12 हजारांच्या पासंगालाही पुरणार नाही. एवढ्यात आपल्याला हा खेळ खरोखर आवडतो की केवळ त्याची चित्रफीत आवडते, हे कळून येईल.

बेटकास्टिंग रिळाबद्दलही एक गोष्ट आधीच सांगणे बरे. त्याचे स्पूल फेकताना स्वतः फिरते आणि अंगठ्याने आवरावे लागते. आमिष पाण्यावर टेकण्याच्या क्षणी अंगठा चुकला, की दोऱ्याचे असे जंजाळ होते की कात्रीच काढावी लागते. हे कौशल्य येते, पण सरावाने येते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्या माणसाची पहिली काही महिन्यांची सुट्टी बरीचशी गुंता सोडवण्यात जाते, आणि त्या वेळी शेजारी 11 वर्षांची मुलगी बसलेली असेल तर तिची करमणूक होईल, शिक्षण होणार नाही. पावसाळ्यात मरळीची नर-मादी आपल्या लालसर पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राखत फिरतात. तसा थवा दिसला तर तेथे बेडूक टाकू नये. पिलांच्या रक्षणासाठी ती चवताळून गळ घेतात, त्यामुळे त्यांना धरणे सोपे असते, आणि एकदा ती गेली की पिले बाकीच्या माशांच्या तोंडी जातात.

आपण पाहता त्या चित्रफितींत दहा-दहा रॉड ओळीने मांडलेले असतात, हेही आपल्या मनावर परिणाम करत असावे. अमेरिकेतल्या बास स्पर्धांमध्ये नावेवर अनेक रॉड तयार बांधून ठेवतात, कारण वेळ मोजलेला असतो आणि गाठ पुन्हा बांधण्यात गेलेली मिनिटे महाग पडतात. तेथे रॉड नाव वाहून नेते, माणूस नाही. इंग्लंडमध्ये कार्पसाठी लोक काठावर तंबू ठोकून रात्रंदिवस बसतात आणि स्टँडवर दोन-तीन रॉड लावतात, पण तिथल्या परवान्यातच दोन किंवा तीन रॉडांची मर्यादा घातलेली असते. आपल्याला स्पर्धा नाही, नाव नाही, तंबू नाही. पाण्यात एका वेळी दोन दोरे असले, तरी एकाला मासा लागल्यावर दुसरा तातडीने ओढून घ्यावा लागतो, नाहीतर दोन्हींचा एकच गोळा होतो. म्हणून काठावर एका माणसाचे दोन रॉड ही मी वरची मर्यादा मानतो.

मुलगी सोबत असेल त्या दिवशी तर आपला एकच गळ पाण्यात असावा, कारण लक्षाचा मोठा भाग तिच्याकडे हवा. तिच्यासाठी नवे काही आणू नये. 6 फुटी हलका रॉड तिच्या हाताला अगदी जुळता आहे, आणि काठालगतच्या चिलापीसाठी तो उत्तमच आहे : बारीक गळ, छोटा फ्लोट, कणकेची गोळी किंवा गांडुळाचा तुकडा. गळाची उलटी नांगी पक्कडीने दाबून टाकावी, म्हणजे बोटात रुतला तरी सहज निघतो. त्याआधी पहिल्या काही फेऱ्यांना आपल्या वडिलांची कळकाची काठी तिच्या हातात द्यावी, असे मी सुचवीन. तिला रीळ नाही, त्यामुळे गुंता नाही. काठीच्या लांबीइतकाच दोरा टोकाला बांधायचा, आणि फ्लोट बुडाला की उचलायचे. मासा गळाला लागल्याचा झटका हाताला जसा त्या काठीत कळतो तसा महाग रॉडमध्येही क्वचितच कळतो. या काठीला मी मोजणीत धरलेले नाही. ती घरात राहीलच.

टेलिस्कोपिक रॉड दोन्ही काढून टाकावेत. ते प्रवासाला सोयीचे असतात हे खरे. पण त्यांच्या कड्या केवळ जोडांच्या टोकांना असल्यामुळे भार सगळीकडे सारखा पोचत नाही, जोडांत वाळू शिरली की ते झिजतात आणि कधी आत अडकतात, कधी फेकतानाच मिटतात. आपल्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुले असतील आणि त्यांपैकी कोणाला नाद असेल, तर त्याला द्यावेत. 10 फुटी रॉड चांगल्या स्थितीत असेल तर विकावा. आलेली रक्कम मरळीच्या नावाने बाजूला ठेवली तरी माझी हरकत नाही.

खर्चच करायचा असेल, तर तो वेगळ्या ठिकाणी करावा. नायलॉनचा तंगूस उन्हाने आणि वापराने कमकुवत होतो; दरवर्षी तो बदलला, तर जितके मोठे मासे हातचे सुटतात त्यांतले बरेचसे सुटणार नाहीत. लांब दांड्याचे हातजाळे नसेल तर ते आधी घ्यावे, कारण बंधाऱ्याच्या भिंतीवरून मासा दोऱ्याने उचलताना दोरा तुटतो किंवा रॉडचे टोक जाते, आणि मग लोक दोष रॉडला देतात. प्रत्येक रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा ओढून पाहावा. जिथे तंतू अडकतील तिथे आतले चिनी मातीचे कडे तडकलेले असते आणि ते ब्रेडेड दोरा करवतीसारखे कापते. टोकाची कडी थोडी ऊब देऊन निघते आणि नवी गरम गोंदाने बसते. लेथवर हात बसलेल्या माणसाला हे काम म्हणजे चहा निवण्याच्या आतले आहे.

परवानगीचा विषय आपल्या पत्रात नाही, तरी तो टाळता येत नाही. जिल्ह्यातल्या धरणांची आणि तलावांची मासेमारी पुष्कळ ठिकाणी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. हौशी गळकऱ्याने तेथल्या माणसांना आधी विचारावे, बहुधा ते नाही म्हणत नाहीत. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत मात्र गळ काढूच नये.

मरळीच्या रॉडचा फेरविचार होळीच्या सुमारास करावा. पाणी निवळल्यापासून तोपर्यंत आपण मरळीमागे खरोखर वारंवार गेला असाल, आणि 8 फुटी रॉड पुरता लवूनही मासे मुळांत शिरून सुटत असतील, तर तो रॉड अवश्य घ्यावा. दुकानात जाताना आपला बेडूक आणि आपले रीळ सोबत न्यावे. 12 हजारांत रीळही येत असले, तरी नुसता कडक रॉड घेऊन त्यावर आपलेच स्पिनिंग रीळ (फेकताना ज्याचे स्पूल फिरत नाही ते) चालवायचे असेल तर स्पिनिंगचा रॉड मागावा, कारण त्याच्या कड्या आणि रिळाची बैठक बेटकास्टिंगपेक्षा वेगळी असते. बेडकाचे वजन रॉडवर छापलेल्या पट्ट्याच्या मध्याजवळ येते का, हे वाचून पाहावे. आपण दुचाकीवर जात असाल, तर रॉड दोन तुकड्यांचा घ्यावा. 7 फुटांचा अखंड रॉड गंगावेशीतल्या गर्दीतून नेताना मरळीआधी रस्त्यावरच काहीतरी गळाला लागायचे.